पाकिटातलं सेंद्रिय घ्यावं की सासवडच्या काकांची मेथी?

सायली_प | 10 जानेवारी, रात्री 10:15

आत्ता आमच्या ओट्यावर दोन पिशव्या आहेत. त्यांच्यावरून घरात आठवडाभर बोलाचाली चालू आहे, म्हणून इथे विचारते.

पहिली पिशवी ऑरगॅनिक दुकानातली. तूरडाळ, गूळ, लाल तांदूळ आणि प्लास्टिकच्या डब्यात पालक. डाळीच्या पाकिटावर सेंद्रिय मालाचा सरकारी 'जैविक भारत' शिक्का आहे, प्रमाणपत्राचा नंबर आहे. पालक मात्र दुसऱ्या राज्यातून आलाय, पॅकिंग चार दिवसांपूर्वीचं, आणि डब्याच्या तळाची पानं काळी पडून एकमेकांना चिकटली आहेत.

दुसरी पिशवी शनिवारच्या आठवडे बाजारातली. आमच्याजवळच्या शाळेच्या मैदानात शेतकरी स्वतः माल घेऊन येतात. मुळांना ओली माती असलेली मेथीची जुडी, वाटाणा, मुळा आणि भरताची वांगी.

मुलगी झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मी जमेल ते सगळं सेंद्रिय आणते. किराणा आणि भाजी मिळून महिन्याचा खर्च 6 हजारांवरून 11 हजारांच्या पुढे गेलाय. नवरा तक्रार करत नाही, पण हिशेबाची वही उघडली की दोघंही गप्प होतो.

शनिवारी मी मेथीवाल्या काकांना विचारलं, "काका, हे ऑरगॅनिक आहे का?" सासवडच्या पुढचं गाव आहे त्यांचं. जुडी हातात फिरवत म्हणाले, "न्हाई ताई. तसा कागद न्हाई माझ्याकडं. पण मेथीवर काय मारलेलं न्हाई. पेरली, पाणी दिलं, उपटली. वांग्यावर मात्र औषध मारलंय, सोमवारी. आज तोडलीत. चालत असली तर घ्या."

चार पावलांवर दुसऱ्या एका गाळ्यावर '100% सेंद्रिय' असा फलक होता. तिथल्या मुलाला फ्लॉवर कुठल्या गावचा ते सांगता येईना. भाव काकांच्या दुप्पट.

काकांवर माझा विश्वास बसला. पण तो विश्वास पुरेसा आहे का? शिक्का असलेलं लांबून आलेलं घ्यावं, की शिक्का नसलेलं जवळचं? दोन्ही परवडत नाही. आणि ती वांगी मी घेतली खरी, पण अजून फ्रिजमध्येच आहेत. करायला हात धजावत नाही.

---

तिळाचीवडी | 10 जानेवारी, रात्री 10:48

जवळचं आणि त्या त्या दिवसांतलं. तीन दिवसांवर भोगी आली आहे. बाजरीची भाकरी, तीळ लावलेली भाजी, तिच्यात पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं. या दिवसांत आपल्या आसपास जे पिकतं तेच सणाला ठेवलंय. माझ्या सासूबाईंना ऑरगॅनिक हा शब्द माहीत नव्हता, पण उन्हाळ्यात फ्लॉवर घरात आणायच्या नाहीत. म्हणायच्या, आता त्याला औषधावर जगवलेला असतो.

---

बांधावरून | 10 जानेवारी, रात्री 11:30

मी सात वर्षं एका प्रमाणीकरण संस्थेत निरीक्षक होतो. त्यामुळे शिक्क्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक 2001 पासूनचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्याला आम्ही एनपीओपी म्हणतो. यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते. मूळ उद्देश निर्यातीचा होता, त्यामुळे कागदपत्रं फार आणि फीही बरीच. हंगामी पिकासाठी 2 वर्षं आणि फळबागेसाठी 3 वर्षं रासायनिक काहीही न वापरता शेती करायची, मग पूर्ण प्रमाणपत्र. या रूपांतराच्या काळात शेतकरी खर्च आणि कष्ट सेंद्रियचे करतो आणि भाव मात्र साध्या मालाचा घेतो. बरेच जण इथेच थांबतात.

दुसरी वाट पीजीएस, म्हणजे सहभाग हमी पद्धत. गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. खर्च नगण्य. शेजाऱ्याला शेजाऱ्याचं सगळं माहीत असतं, हे तिचं बळ. शेजाऱ्याशी वैर नको म्हणून कधी डोळेझाक होते, हा तिचा धोका. चांगले गट मी पाहिलेत आणि फक्त कागदावरचेही पाहिलेत.

2017 च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार यांपैकी एक प्रमाणपत्र असल्याशिवाय 'सेंद्रिय' म्हणून माल विकता येत नाही. एक अपवाद आहे: वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त त्याला 'जैविक भारत'चा शिक्का लावता येत नाही. म्हणजे सायलीताई, तुमच्या काकांकडे कागद नसणं यात वावगं काहीच नाही. त्या फलकवाल्याला मात्र विचारायला हवं की माल स्वतःच्या शेतातला आहे का. नसेल, तर त्याला ही सवलत नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही. प्रमाणपत्र शेतीच्या पद्धतीचं असतं. निरीक्षक नोंदी बघतो, शेत फिरतो, बांधाला लागून कोणाचं शेत आहे ते बघतो, शंका आली तर नमुना घेतो. तुमच्या हातातला पालकाचा डबा प्रयोगशाळेतून आलेला नसतो. तरीही मी शिक्क्याला किंमत देतो, कारण काही निघालंच तर त्या नंबरवरून मागे शेतापर्यंत जाता येतं. 'नॅचरल' किंवा 'फार्म फ्रेश' लिहिलेल्या पाकिटावरून कुठेच जाता येत नाही.

---

रोहन७७ | 11 जानेवारी, सकाळी 7:20

एवढा विचार कशाला? मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, धुवा, खा.

---

पानसुपारी | 11 जानेवारी, सकाळी 9:05

रोहन, धुवायलाच हवं, पण त्याने सगळं जात नाही. मी कृषी महाविद्यालयात शिकवते, रोज मुलांना हेच सांगते. स्पर्शजन्य औषध पानाफळाच्या वर बसतं, ते धुऊन आणि साल काढून बरंच कमी होतं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून फिरतं, ते फळाच्या आत असतं. तिथे नळाचं पाणी पोचत नाही. तिथे उपयोग फक्त दिवसांचा. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं हे प्रत्येक औषधाच्या लेबलवर पिकानुसार लिहिलेलं असतं. एकाच वांग्यासाठी एका औषधाचे 3 दिवस असतात आणि दुसऱ्याचे तीन आठवड्यांहून जास्त.

सायली, काकांनी सोमवार सांगितला. त्यांना औषधाचं नाव विचार. त्याशिवाय पाच दिवस पुरेसे होते की नाही, कोणीच सांगू शकणार नाही.

---

निफाडकर_शेती | 11 जानेवारी, रात्री 9:50

दिवसभर बागेत होतो, आता मोबाईलवरून लिहितोय. द्राक्षं उतरायची घाई आहे.

पहिल्यांदा एक गैरसमज काढतो. शहरातली माणसं पानाला छिद्रं बघून भाजी घेतात, म्हणे औषध मारलेलं नाही. अहो, छिद्रं पडल्यावरच तर माणूस पंप पाठीवर घेतो. छिद्र पडलेलं पान फवारणीनंतर पुन्हा भरून येत नाही. आणि थंडीतली मेथी काही न मारता स्वच्छ येते, कारण ती महिन्याभरात निघते, किडीला सवडच मिळत नाही. काका मेथीबद्दल खरं बोलले असणार. वांग्यावर शेंडा आणि फळ पोखरणारी अळी येते, फ्लॉवरवर ठिपक्यांचा पतंग येतो, मिरचीवर फुलकिडे. ही पिकं औषधाशिवाय काढणं फार अवघड. वांग्याचा तोडा दर तीन-चार दिवसांनी असतो आणि अळी तोड्याची वाट बघत थांबत नाही. मग सांगा, प्रतीक्षा काळ पाळायचा तर मधला माल फेकायचा कोणी?

आता माझं. 2010 साली युरोपने आपली द्राक्षं अडवली, क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून. वेलीची वाढ रोखायला ते आम्ही सगळेच वापरायचो, लिहोसीन म्हणून मिळायचं. कंटेनर तिकडच्या बंदरात, इकडे बँकेचा हप्ता. माझ्या वडिलांनी त्या उन्हाळ्यात तोंडात घास नीट घातला नाही. त्यानंतर आम्ही शिकलो. कोणतं औषध, कधी, किती, तोडणीला किती दिवस, सगळं वहीत. निर्यातीचा माल प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय हलत नाही.

पण त्याच शिवारातला लोकलला जाणारा माल? आजवर एकाही व्यापाऱ्याने माझ्याकडे ती वही मागितली नाही. युरोपच्या मुलांसाठी तपासणी आहे आणि पुण्या-नाशकाच्या मुलांसाठी नाही, हे मला मनापासून लागतं. माझीही मुलं इथलंच खातात.

चार वर्षांपूर्वी अर्धा एकर भाजीला सेंद्रिय केला. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, असं जीवामृत. कीड दिसली की निंबोळी अर्क. पहिली दोन वर्षं माल निम्म्यावर आला. बाजार समितीत नेला तर आडत्या म्हणाला, दादा, आकार नाही, चमक नाही, आणि साध्या मालाच्याही खाली पट्टी केली. तिसऱ्या वर्षी जमीन बदलली, गांडुळं दिसायला लागली, माल सुधारला. तोवर टिकलो ते द्राक्षांच्या पैशावर. ज्याचं पोट त्या अर्ध्या एकरावरच आहे, त्याने कसं टिकायचं?

सायलीताई, कागद मागू नका असं मी म्हणणार नाही. पण काकांनी न विचारता वांग्याचं सांगितलं, ते सोपं नसतं. गिऱ्हाईक निघून जातं. तुम्ही थांबलात, हे त्यांच्या लक्षात राहील.

---

कुर्ला_ते_कर्जत | 12 जानेवारी, सकाळी 8:35

लोकलच्या खिडकीतून बघत लिहिते. रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, मुळा. वाफे सुरेख आखलेले, हिरवेगार. आणि पाणी शेजारच्या नाल्याचं. माझ्या घरापासून तीन किलोमीटरवर पिकलेली भाजी आहे ही, याहून जवळची कुठली मिळणार? मी ती कच्ची कोशिंबिरीत कधीच घालत नाही. शहरात लोकल भाजी घेताना पाणी कुठलं, हे पहिलं विचारा. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाजीचंही तेच.

पिकवणाऱ्यांना दोष देत नाही. शहराने नदी आणि नाला तसा केला, त्यांच्या वाट्याला तेच पाणी आलं.

---

वणीची_लेक | 12 जानेवारी, रात्री 11:10

सगळं वाचलं. आपण सगळे ताटाबद्दल बोलतोय. मला दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचं आहे.

2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्याच्या वर वाढला होता. वर फवारलेलं तोंडावर, छातीवर यायचं. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, दोन-तीन औषधं एकत्र केलेली. आमच्या गावातला एक मुलगा आठ दिवस डोळ्यांनी नीट पाहू शकत नव्हता. त्याची आई त्याला हाताला धरून अंगणात आणायची आणि विचारायची, मी दिसते का? तो वाचला. आता फवारणीला जात नाही, पण त्याच्या घरचं दुसरं कोणी जातं.

बाजारात येईपर्यंत औषध काही ना काही उतरलेलं असतं. फवारणाऱ्याच्या अंगावर ते त्याच क्षणी पडतं. मी सेंद्रिय घेते ते आधी त्याच्यासाठी. म्हणून माझ्यासाठी ते लांबून आलं की जवळून, हा प्रश्न नंतरचा. जवळच्या शेतकऱ्याकडून घेत असाल, तर फवारतं कोण आणि त्याला मोजे-मास्क देता का, हेही विचारा. विचारणारं कोणी असलं की फरक पडतो, हे मी आमच्याच शेतात पाहिलंय.

---

सायली_प | 13 जानेवारी, दुपारी 2:30

वणीची_लेक, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी चार वर्षं फक्त माझ्या मुलीच्या ताटाचा विचार करत होते. त्या मुलाच्या आईचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

---

चुलवाण | 14 जानेवारी, सकाळी 10:00

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. तीस वर्षं घर चालवतेय, माझी वाटणी सांगते.

पालेभाजी, काकडी, मुळा, दुधी: जवळचं, ओळखीच्या माणसाकडून. पालेभाजी दुसऱ्या दिवशीच मान टाकते, चार दिवसांचा सेंद्रिय पालक घेऊन काय करायचं? पावसाळ्यात रानभाज्या मिळतील तितक्या. टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी. त्यांना कोणी फवारत नाही आणि बायका डोंगरातून खुडून आणतात. आदल्या दिवशी निरोप दिला तर वेगळी जुडी बांधून ठेवतात.

डाळ, तांदूळ, तीळ, मसाले: हे टिकतं आणि लांबून आलं तरी बिघडत नाही. इथे शिक्का बघून घेते. वर्षाचं एकदम घेतलं की भावही बरा पडतो. तांदूळ मात्र मावळातला इंद्रायणी, थेट शेतकऱ्याकडून. तो तिथलाच, वडगावच्या संशोधन केंद्रातला वाण आहे.

आणि गूळ. माझं माहेर कोल्हापूरकडचं, घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालायचे. मळी फेसासारखी वर यायची, ती गुळव्या झाऱ्याने ओढून काढायचा. चुलवाणाची धग, गुळव्याचं बोट पाण्यात बुडवून पाक तपासणं, सगळं आठवतं. तो गूळ तांबूस-तपकिरी व्हायचा. पुढे बाजाराला पिवळाधमक गूळ हवा झाला आणि काहिलीत रंग उजळवणारी हायड्रॉसची पावडर पडायला लागली. वडिलांनी दोन हंगाम ती घातली नाही. ढेप काळी म्हणून सौद्यात भाव पडला. तिसऱ्या हंगामी त्यांनीही घातली आणि आईला सांगितलं, घरच्या गुळाचं आधण वेगळं काढ. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी गुऱ्हाळावर आली नाही.

आता तपकिरी गुळाला शहरात जास्त भाव आहे. वडील असते तर त्यांना दाखवला असता. गडद रंग म्हणजे खात्री असं नव्हे, पण पिवळाधमक असेल तर मी हात लावत नाही.

---

एडिसनची_आत्या | 14 जानेवारी, रात्री 8:15

इकडे न्यू जर्सीतली एक पद्धत सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. आम्ही एका शेताचे सभासद आहोत. वसंतात हंगामाचे पैसे आधीच भरायचे, मग जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला त्या शेतातली भाजी आपली. शेतकरी बाई सेंद्रिय पद्धतीने पिकवतात, पण प्रमाणपत्र घेतलेलं नाही. इकडे वर्षाला 5,000 डॉलर किंवा त्याहून कमी विक्री असेल तरच त्यातून सूट आहे, त्यांची विक्री जास्त. म्हणून त्या ऑरगॅनिक हा शब्दच वापरत नाहीत. काय करतात ते फळ्यावर लिहून ठेवतात.

एका वर्षी गारपिटीने टोमॅटो गेले. पैसे कोणी परत मागितले नाहीत, ते आधीच ठरलेलं होतं. बियाणं घ्यायच्या वेळी हातात पैसा आल्यामुळे त्या टिकल्या, असं त्या सांगतात. निफाडकरदादांनी विचारलं ना, तीन वर्षं कसं टिकायचं? मला वाटतं आपण थोडं आधी पैसे द्यायला हवेत.

---

सायली_प | 2 फेब्रुवारी, रात्री 9:40

उशिरा लिहितेय, पण सांगण्यासारखं आहे म्हणून.

पुढच्या शनिवारी काकांना औषधाचं नाव विचारलं. त्यांनी खिशातून फोन काढून बाटलीचा फोटो दाखवला. इमामेक्टिन बेंझोएट, लेबलवर वांग्यासाठी 3 दिवस. पानसुपारीताईंना फोटो पाठवला, त्यांनी होकार दिला. तोवर पहिली वांगी सुकून गेली होती, त्याचं वाईट वाटलं. नवी घेतली आणि भरीत केलं. लेकीने दोनदा मागून खाल्लं.

मग गेल्या रविवारी आम्ही बोपदेव घाटाने त्यांच्या शेतावर गेलो. आमच्या इमारतीतली आणखी दोन कुटुंबं होती. दोन एकर. विहिरीचं पाणी, वरच्या अंगाला डोंगर. अंजिराच्या दोन ओळी, वाटाण्याचा शेवटचा तोडा चाललेला. बांधाच्या पलीकडे दुसऱ्याचा फ्लॉवर, तिकडून वारा आला की वास येतो. काकांनी स्वतःच ते दाखवलं. काकू म्हणाल्या, फवारणीच्या दिवशी मी ह्यांचे कपडे वेगळे धुते, दोन दिवस हाताला आग होते. मोजे आहेत का विचारलं. एक जोड होता, फाटलेला.

चहा पिताना मी आत्यांच्या शेताबद्दल बोलले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वांगं मला लगेच सोडता यायचं न्हाई, त्याच्यावर घर चालतं. पण वरच्या दहा गुंठ्यांत जीवामृतावर पालेभाजी आणि काकडी करून बघतो, माल कमी आला तर तुम्ही नाराज व्हायचं न्हाई.

सहा घरं झालो आहोत. प्रत्येकी 2,000 रुपये आधी दिलेत. दर शनिवारी पिशवी, काय येईल ते काका ठरवणार. वांगी ज्यांना हवीत त्यांनी वेगळी घ्यायची, फवारणीची तारीख सांगून. एक वही आणून दिली आहे, निफाडकरदादा, तुमच्यासारखे रकाने आखून. त्यात पाचवा रकाना वाढवलाय: फवारलं कोणी, मोजे-मास्क होते का. मोज्यांचे चार जोड आणि मास्क आम्ही नेऊन दिले. बांधावरून, पीजीएसचा गट करायला त्यांच्या गावात आणखी चार जण लागतील. दोघांशी काका बोलतो म्हणालेत. तुम्ही एकदा तिथे जाऊन समजावून सांगाल का? वैयक्तिक निरोप पाठवलाय.

डाळ आणि तीळ अजून शिक्क्याचेच आणते.

---

निफाडकर_शेती | 2 फेब्रुवारी, रात्री 10:20

ताई, वरच्या दहा गुंठ्यांच्या बांधाला मक्याच्या किंवा शेवरीच्या दोन-तीन दाट ओळी लावायला सांगा, फ्लॉवरकडून येणारा फवारा बराच अडेल. काकडीला उन्हाळ्यात फळमाशी येते, तेव्हा गंधाने माशी ओढून पकडणारे कामगंध सापळे आत्ताच घेऊन ठेवा. बियाणं हवं असेल तर माझ्याकडे गावठी काकडीचं आहे, वडिलांनी राखलेलं. पत्ता कळवा, पाठवतो.